भोकांच्या आतला रंग

कागद आधीच टाइप करून ठेवला होता. धाकटी सून हात पुसत कारखान्याच्या वरच्या खोलीत आली, तेव्हा तो लांब टेबलाच्या मधोमध पडला होता आणि त्याच्यावर पेन होतं, टोपण काढलेलं. म्हणजे बैठक नावालाच. चर्चेला म्हणून बोलावतात आणि टोपण काढून ठेवतात! तिने उभ्याउभ्याच वाचायला घेतलं.

‘अंतिम धुलाई अपुरी झाल्याने तिसऱ्या ट्रेमधील तुकड्यांत मिठाचा अंश राहिला व त्यामुळे तुकडा ठिसूळ झाला. ही चूक धुलाई विभागाची आहे.’

धुलाई विभाग म्हणजे कोण? ती स्वतः, चार टाक्या आणि एक नळ. दुसरं माणूस त्या विभागात औषधालासुद्धा नव्हतं. खाली सहीच्या जागी तिचं पूर्ण नाव छापलं होतं, माहेरच्या आडनावासकट. एरवी ह्या घरात ते आडनाव कुणाला आठवत नसे.

"बस की," थोरला दीर म्हणाला. इस्पितळांशी बोलायचं काम तोच करायचा, त्यामुळे वाईट बातमी मऊ आवाजात सांगायची त्याला सवय होती. "घाबरण्यासारखं काही नाही गं. कागदाला कागद. त्यांना कारण लेखी लागतं, आपण देतोय."

"मला विचारलं का कुणी, भाऊजी? धुण्यात चूक झाली की नाही, हे धुणारीला विचारलं का?"

"आता तेच तर विचारतोय."

"टाइप करून?"

टेबलाच्या टोकाशी सासरे बसले होते, ज्यांना सगळा कारखाना नाना म्हणायचा. ते चष्मा काढून डोळे चोळत होते. त्यांच्या शेजारी थोरली जाऊ, मांडीवर नोंदवही. बॅचच्या फायली, पाठवणीचे आकडे, सगळं लिखापढीचं काम तिचं. हा कागदही तिच्याच बोटांनी टाइप झालेला, हे धाकटीला समासावरून कळलं. इतके सरळ समास दुसऱ्या कुणाला जमत नसत. खिडकीशी नणंद उभी होती. ती मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स. आणि धाकटीचा नवरा? तो दाराजवळच्या खुर्चीत, मान खाली घालून, बुटाच्या नाडीकडे बघत होता. भट्टी त्याच्या ताब्यात होती. कारखान्यातली सगळ्यात महागडी आणि सगळ्यात लहरी वस्तू सांभाळणारा माणूस, आणि आज तोंडाला कुलूप.

शुक्रवारी जे घडलं ते आता सगळ्यांना पाठ झालं होतं. एका बाईच्या गुडघ्याखालच्या हाडात भरायला ह्यांच्याकडचा पाचरीएवढा तुकडा डॉक्टरांनी घेतला, त्याच्यावर पट्टी ठेवून स्क्रू आवळला, आणि तुकडा बिस्किटासारखा दुभंगला. टायटॅनियमचा तुकडा! डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला, त्या बाईच्याच कमरेचं हाड काढून खाच भरली आणि थिएटरमधून बाहेर आल्यावर नणंदेला विचारलं, हे तुमच्या घरचं ना? ट्रे तिच्याच हातात होता. "मेल्याहून मेल्यासारखं झालं मला," ती आल्यापासून तीनदा म्हणाली होती.

"मिठाचंच असणार," नाना म्हणाले. "माझ्या वेळीही एकदा राहिलं होतं."

मीठ हा नानांचा जीव होता. पंपांचे भाग ओतायचा धंदा मोडून त्यांनी हे सुरू केलं, तेव्हा पहिलं मीठ घरातल्या चाळणीने चाळलं होतं. टायटॅनियमची पूड आणि मिठाचे दाणे एकत्र कालवायचे, प्रेसमध्ये दाबून वडी पाडायची. मग कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे मीठ विरघळून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. ती भोकांची वडी भट्टीत भाजली की पूड पुडीला चिकटते, धातू पक्का होतो. पुढे माणसाचं हाड वाढत वाढत त्या भोकांत शिरतं आणि तुकड्याला आपलं म्हणतं. सगळी करामत भोकांची. म्हणून मीठ पूर्ण निघालंच पाहिजे, आणि ते काढायचं काम गेली नऊ वर्षं धाकटी करत होती. सहा पाणी बदलायची. पाचांत भागतं असं थोरला दर बैठकीत सांगायचा, तरी ती सहा बदलायची.

"नाना, सहाव्या पाण्याची बाटली आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "प्रत्येक ट्रेची ठेवते. आणू?"

"बाटलीचं काय घेऊन बसलीस—" थोरला म्हणेपर्यंत ती जिना उतरलीसुद्धा होती.

ती बाटली आणि काळी ड्रॉपरची कुपी घेऊन वर आली. काचेच्या पेल्यात पाणी ओतलं, कुपीतले दोन थेंब सोडले. चिमटीएवढं मीठ असलं तरी पाणी दुधासारखं होतं. हे नानांनीच तिला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. सगळे पेल्याकडे बघत राहिले. पाणी होतं तसंच राहिलं.

"बघा. घ्या, जवळून बघा. दिसतंय दूध?"

"तिसऱ्या ट्रेचीच बाटली कशावरून?" थोरल्याने विचारलं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. नऊ वर्षं हिवाळ्यात बोटं सुजवून घेतली, आणि हा माणूस, ज्याने टाकीत कधी करंगळी बुडवली नाही, तो तिला खोटारडी म्हणत होता. तेही मऊ आवाजात!

"चिठ्ठी लावलीय तिच्यावर. तारीख आहे. खोटी वाटत असेल तर वहिनींच्या वहीशी ताडून बघा." ती नवऱ्याकडे वळली. "आणि तू सांग. मीठ राहिलं असतं तर भट्टीच्या भिंतीवर पांढरी साय धरली असती. धरली होती का?"

नवऱ्याने वर बघितलं नाही. "नव्हती," तो म्हणाला.

"मोठ्याने बोल. नानांना ऐकू गेलं पाहिजे."

"नव्हती धरली."

"मग हा कागद वाचलास तेव्हा का नाही बोललास?"

थोरल्याने घड्याळात बघितलं, नाना चष्मा पुसत राहिले, आणि थोरली जाऊ, जी नऊ वर्षांत धाकटीशी फायलीच्या कामापलीकडे फारसं बोलली नव्हती, तिने पहिल्यांदा मान वर करून आपल्या धाकट्या दिराकडे रोखून बघितलं.

"ताई, तुकडा आणलाय ना तुम्ही?" धाकटीने नणंदेला विचारलं. "द्या इकडे."

"कशाला उगाच चिवडत बसतेस?" थोरला उठला. पण नणंदेने पर्समधली प्लास्टिकची पिशवी तोवर तिच्या हातात दिली होती.

वरून तुकडा नेहमीसारखाच होता, करडा, खरखरीत. जरा जास्तच करडा, असं तिला वाटलं. भट्टीतून आलेल्या मालाला एक मंद चमक असते, ती ह्याला नव्हती. तपासणीच्या टेबलावरचं भिंग घेऊन ती खिडकीपाशी गेली आणि जिथे तुकडा दुभंगला होता, ती बाजू तिने उजेडात धरली.

कडेकडेची भोकं करडी होती. पण मधली, खोलवरची भोकं निळी होती. काही जांभळी, एखाददुसरं सोनेरी. इतकी सुरेख की क्षणभर ती बघतच राहिली. मग तिला शिसारी आली.

"नाना," ती म्हणाली, "तुम्हीच बघा."

ह्या घरातल्या प्रत्येकाला त्या निळ्याचा अर्थ ठाऊक होता. टायटॅनियम तापलेलं असताना त्याला हवा लागली तर ते हवा पितं. आधी सोनेरी होतं, मग जांभळं, मग निळं, आणि जितकी हवा पितं तितकं ठिसूळ होतं. जाड कांबीचं फारसं बिघडत नाही, पण ह्या तुकड्यांच्या भिंती केसाएवढ्या. म्हणून तर भट्टीतून आधी सगळी हवा उपसून काढायची, भाजून झालं की आरगॉन वायू सोडायचा आणि माल पार निवेपर्यंत दार उघडायचं नाही. बारा तास लागले तर बारा तास.

वरचा रंग ॲसिडच्या टाकीत बुडवला की जातो. सपाट पत्रा असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ह्यांचा धंदाच मुळी भोकांचा! खोल भोकात हवा अडकून राहते, ॲसिड आत पोचत नाही, आणि लपवलेलं सगळं तिथे जसंच्या तसं बसून राहतं.

नानांनी भिंगातून बघितलं. पुन्हा बघितलं. मग भिंग टेबलावर ठेवून ते धाकट्या मुलाला म्हणाले, "किती डिग्रीला उघडलीस?"

"सहाशे."

"सहाशे!" नणंद ओरडली. "अरे, वेड लागलं होतं का तुला?"

"आरगॉनचा सिलिंडर संपला होता. नवा दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. आणि इस्पितळाला माल सकाळी पाहिजे होता." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "दादा म्हणाला, थोडी हवा सोड, निवेल पटकन. बाहेर काढला तर सगळा निळा. मग ॲसिडमध्ये बुडवला. मला वाटलं वरवरचंच असेल, नाना. खरंच वाटलं."

"मी हवा सोड म्हटलं नव्हतं," थोरला म्हणाला. "मी म्हटलं, लवकर काढ. कसं काढायचं ते तुझं काम. तुझी भट्टी."

"दादा, तू शेजारी उभा होतास!"

"उभा होतो. वॉल्व्ह तू फिरवलास."

काय माणसं असतात! पाच मिनिटांपूर्वी दोघं मिळून तिच्या माथ्यावर खापर फोडत होते, आणि आता एकमेकांच्या डोक्यावर फोडायला निघाले. धाकटीला थोरल्याचा इतका राग आलाच नाही. त्याच्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती. पण हा? ह्याला सगळं ठाऊक होतं. शुक्रवारपासून ठाऊक होतं. दोन दिवस एका ताटात जेवल्यासारखा तिच्याशेजारी बसून जेवला, तिने विचारलं, माझ्या धुण्यात काही राहिलं असेल का रे, तेव्हा म्हणाला, असेल कदाचित. असेल कदाचित! त्या दोन शब्दांपायी ती शनिवारभर टाक्या घासत बसली होती.

"चाळीस तुकडे होते त्या भट्टीत," ती म्हणाली. "चारही ट्रे. म्हणजे चाळीसही परत मागवायला हवेत. आत्ता."

आणि आता तिला कागदाचा खरा अर्थ लागला. मिठाचा दोष म्हटला की एका ट्रेचे दहा तुकडे परत येतात, दोष धुणारीचा, प्रकरण मिटलं. भट्टीचा दोष म्हटला की चाळीस. आणि चाळीस म्हटले की परवाना तपासणाऱ्यांची माणसं दारात.

नानांनी भिंग लांब सारलं. बोलले तेव्हा त्यांचा आवाज तिला ओळखू आला नाही.

"झालं ते झालं, सूनबाई. कागद असाच जाऊ दे. दहा परत घेऊ, बाकीचे महिन्याभरात काहीतरी निमित्त काढून बदलून देऊ. गाजावाजा नको. परवाना गेला तर खालची बावीस माणसं घरी बसतील."

"नाना, तुम्ही बोलताय हे?"

"तुझं नाव कायमचं खराब होणार नाही. मी बघीन."

"नाव गेलं खड्ड्यात माझं!" ती इतक्या मोठ्याने बोलली की खाली प्रेसवरचा माणूस जिन्यापाशी येऊन उभा राहिला. "महिनाभर ते तुकडे कपाटात शोभेला राहणार आहेत का? ताई, पुढचं ऑपरेशन कधी आहे?"

"उद्या सकाळी आठला. शाळेतल्या बाई आहेत, नडगीचं हाड. तुकडा पहिल्या ट्रेमधला काढून ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, तुमच्या भावाचा फोन आला होता, फक्त तिसरा ट्रे खराब आहे."

"फोनसुद्धा करून झाला?" धाकटीने थोरल्याकडे बघितलं. "म्हणजे माझी सही व्हायच्या आधीच मी गुन्हेगार! आणि त्या बाई पायात हे घेऊन उभ्या राहणार, फळ्यासमोर, आणि एक दिवस कडकन मोडणार. तेव्हा काय सांगाल? त्यांनी चालताना चूक केली? मीठ आहे का हो मी, गरज होती तोवर जागा अडवली आणि आता पाण्याबरोबर ओतून टाकायचं? मी सही करणार नाही. डॉक्टरांना मीच फोन करते."

"कर," थोरला शांतपणे म्हणाला. "कुठला तुकडा कुठल्या इस्पितळात गेलाय, ठाऊक आहे तुला? प्रत्येक तुकड्यावरचा आकडा वहीत आहे, आणि वही ऑफिसची आहे."

खरं होतं ते. तीन इस्पितळं, चाळीस आकडे, आणि शेकडो जुने तुकडे त्याच कपाटांत. नुसतं खराब आहे म्हणून ओरडलं तर कुणी काय परत करायचं? तिला रडू फुटायच्या बेतात होतं आणि ह्या लोकांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून ती मुठी आवळून उभी राहिली.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. थोरली जाऊ उठली, नोंदवही घेऊन टेबलाला वळसा घालून आली आणि धाकटीच्या शेजारच्या खुर्चीत बसली. फोन पुढ्यात ओढला.

"तू काय करतेस?" थोरल्याने विचारलं.

"वाचून दाखवणार आहे. वही मीच लिहिते."

"डोकं फिरलंय का तुझं? मी सांगतोय ना—"

"तुम्ही मला मीठ सांगितलंत," थोरली म्हणाली. "मी मीठ टाइप केलं. हिच्याबद्दल मला फार प्रेम आहे असं नाही, हे हिलाही ठाऊक आहे. पण निळं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातून खोटं लिहून घेतलंत तुम्ही, आणि वर समास नीट घाल म्हणालात."

एरवी धाकटीला हसू आलं असतं. आता ती जाऊच्या खांद्याला खांदा लावून बसली. नणंदेने डॉक्टरांचा नंबर लावून दिला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. नानांनी अडवलं नाही.

डॉक्टर रविवारी दुपारी फोन आला म्हणून आधी वैतागले. धाकटीने सांगायला सुरुवात केल्यावर गप्प झाले. दोष मिठाचा नव्हे, भट्टीचा आहे. एका ट्रेचा नव्हे, चाळीसांचा आहे. उद्याचा तुकडा वापरू नका. त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही कोण?"

"धुलाई बघते," ती म्हणाली. "आणि भट्टी बघतात त्यांची बायको आहे."

"आकडे सांगा. तुमच्याकडून आमच्याकडे आलेले. मी कपाटापाशी फोन लावतो, तिथली माणसं ताडून बघतील."

थोरली वाचू लागली. आकडा, मग पलीकडून कुणीतरी "आहे" म्हणायचं. दुसरा आकडा. "आहे." उद्याचा शाळेतल्या बाईंसाठी काढलेला तुकडा सातवा होता. "आहे, बाजूला ठेवला." नणंद मटकन खुर्चीत बसली. आठवा आहे, नववा आहे, दहावा आहे. थोरल्याने कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाला, "चला, वेळेवर तरी झालं." जणू ह्याच्यामुळेच झालं होतं!

अकरावा आकडा थोरलीने वाचला. पलीकडे शांतता. तिने पुन्हा वाचला.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "हा बसवलाय."

"बसवलाय म्हणजे?" नणंद उठली. "कधी?"

"गुरुवारी. तुमची सुट्टी होती. गवंडी आहे, शिडीवरून पडला होता. अडतीस वर्षांचा. काल वॉकर देऊन चालवला त्याला." ते थांबले. "चांगला बसला होता तुकडा. मला आवडला होता. तो माणूस रोज मला एकच विचारतो, कामावर कधी जाऊ."

थोरलीचं बोट वहीतल्या त्या ओळीवर तसंच राहिलं.

"त्याला पुन्हा उघडावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणि का, ते त्याला सांगावं लागेल. मी एकटा सांगणार नाही. माझी चूक नाही ही."

"आपण उद्या रीतसर पत्र पाठवू," थोरला पुढे होत म्हणाला. "डॉक्टर, कंपनीच्या वतीने—"

"आम्ही आत्ता येतोय," धाकटी म्हणाली, आणि तिने फोन जाऊकडे सरकवला. "वहिनी, राहिलेले तुम्ही वाचा. मग दुसऱ्या दोन इस्पितळांना लावा."

ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याचे डोळे भरले होते. नऊ वर्षांत ती त्याच्या डोळ्यांत पाणी बघून विरघळली नाही असं कधी झालं नव्हतं.

"ऊठ," ती म्हणाली. "गाडी काढ."

"मी काय सांगू त्याला?"

"मी उघडली, म्हणायचं. सहाशे डिग्रीला. तिथून सुरू कर."

"तू बोलशील का? तुला जमतं."

"नाही," ती म्हणाली. "मी तुझ्या शेजारी उभी राहीन. पण तोंड तू उघडायचंस."